मुलगी फार बुजरी आहे, दिवसभर चित्रं काढते. चित्रकलेने बुजरेपणा जातो का?

कमी होऊ शकतो, पण मुलाच्या कलाने. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचंच बघा. सातव्या वर्षी आई गेली आणि या आदिवासी वारली पोराची वाचाच बसली. पुढची काही वर्षं तो मातीत चित्रं काढूनच सांगायचा. वारल्यांत लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, लिहिणं हे सवाशिणींचं काम, मधोमध लग्नाची देवी पालघाट. जिव्यांनी तीच तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ उचलली आणि लग्नविधीबाहेरचं शेत, मासेमारीचं जाळं, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच रंगवला. २०११ साली पद्मश्री मिळाली. श्रद्धा आणि ओळख, दोन्ही आपल्याच भिंतीवरच्या देवीपाशी सापडली, हे मला फार मोलाचं वाटतं. मुलीच्या मागे ‘बोल ना’ म्हणून लागू नका. शेजारी बसा, चित्रात काय चाललंय ते विचारा.