मराठी मायनरला टाकली तर वाया जाईल का?

पीयूसीचा (कर्नाटकातली बारावी) निकाल लागला की खानापूर, निपाणी, चिकोडीकडून मुलं-पालक माझ्याकडं एकच काळजी घेऊन येतात. मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, चुकीचा विषय घेतला तर पुढचं सगळं अडेल का? आपल्याकडं तिला सीमेचा फाटाही आहे. कर्नाटकात २०२१-२२ ला आलेली पदवीची चार वर्षांची रचना २०२४-२५ पासून मागं घेतली आणि पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. त्याच वर्षी पलीकडं महाराष्ट्रात चंदगड, गडहिंग्लजच्या कॉलेजांत मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) सुरू झालं. त्यामुळं चुलत भावंडांची मार्क्स कार्डंसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मोठ्या दादाचा सल्ला धाकटीला चालत नाही, कारण तो जुन्या रचनेतला.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावातली एक मुलगी. शीतल म्हणू, नाव बदललंय. सोबत आई आणि मामा. मामांनी खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, मराठीला काय स्कोप आहे? इकॉनॉमिक्स घे म्हणून तुम्हीच सांगा हिला." शीतलला मराठी शिकवायची होती. शेवटी चंदगडला इकॉनॉमिक्स मेजर आणि मराठी मायनर, असा तोडगा घरात निघालेला. पोरगी तो ऐकूनच खचली होती.

विषयाचं मी काढलंच नाही. विचारलं, "चार वर्षांनी जुलै महिन्यात तू कुठं बसलेली असशील?"

"एम.ए.च्या वर्गात. मराठीच्या."

"मग त्या वर्गात घेताना काय विचारतात, ते बघू."

तिच्या हातात पेन्सिल दिली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२२ चा आराखडा समोर ठेवला. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, मेजरला ६०, मायनरला २४. वर्गातले १५ तास म्हणजे एक क्रेडिट. पेपर चार क्रेडिटचा धरून तिनं भागाकार केला. "सहा पेपर? म्हणजे मराठी सुटतच नाही की!" मग पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा २०२४ चा आराखडा दाखवला. मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात एम.ए.ला पात्रता मिळते. मामांनी कागद ओढून घेतला आणि दोनदा वाचला.

"पण नोकरी?" मामा.

बँकेच्या लिपिक परीक्षेला आणि राज्यसेवेच्या बहुतेक पदांना कुठलीही पदवी चालते, मेजर कोणी विचारत नाही, एवढंच मी सांगितलं.

तोवर गप्प असलेली आई म्हणाली, "मग मराठीच मेजर का नको? इकॉनॉमिक्स जाऊ दे मायनरला."

हे मी सुचवलं असतं तर मामांशी वाद झाला असता. माझी पद्धत साधी आहे: पटवून द्यायचं नाही, मोजायला लावायचं. भीती मोघम असते, आकडा मोघम राहत नाही. आणि घरातला निर्णय घरातल्याच माणसाच्या तोंडून आला, तरच तो टिकतो.

मामांची शेवटची शंका होती, बेळगावची तीन वर्षांची पदवी हलकी का? नाही. तीन वर्षांनंतर एम.ए. दोन वर्षांचं. १६० क्रेडिटची चार वर्षांची ऑनर्स केली तर एम.ए. एका वर्षाचं करता येतं. बेरीज पाचच. फरक पडतो तो संशोधनाकडं जाणाऱ्यांना. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवी तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, आणि त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध असतो.

गडबड होते ती इथं. आयोगाचे आकडे विद्यापीठं थोडे वर-खाली करतात, म्हणून आपल्याच कॉलेजचा क्रेडिटचा तक्ता मागून घ्या. मेजर कुठल्या सेमिस्टरला पक्का होतो आणि त्यानंतर बदलता येतो का, हे ऑफिसात विचारा. मायनरचे पेपर एकाच विषयाचे हवेत. आज इतिहास, उद्या समाजशास्त्र असं सुटं सुटं घेतलं तर क्रेडिट भरतात, पण मायनर होत नाही. त्या विषयाला शिक्षक आहेत का आणि तो शेवटच्या सेमिस्टरपर्यंत चालतो का, तेही बघा. बी.एड. करायचं असेल तर पदवीला तो विषय किती लागतो, हे प्रवेशाच्या नियमांत आधीच वाचून ठेवा.

मधेच थांबावं लागलं तरी आराखड्यात सोय आहे. ४० क्रेडिटवर प्रमाणपत्र, ८० वर डिप्लोमा, पण उन्हाळ्यातला चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स करूनच. परत यायला तीन वर्षांची मुदत, आणि सगळं सात वर्षांच्या आत संपवायचं. बेळगावच्या कॉलेजात ही सोय गृहीत धरू नका. तिथं प्रवेश घ्यायच्या आधी विषयांचं कॉम्बिनेशन बघा.

आणि क्रेडिट बँकेत, म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्यात, नाव नोंदवायच्या आधी आधार आणि पीयूसीचं मार्क्स कार्ड, दोन्हींवर स्पेलिंग एकच आहे ना, ते बघा. वडिलांचं नाव आधारवर एक आणि मार्क्स कार्डावर दुसरं, हे आपल्याकडं घरोघरी आहे, आणि क्रेडिट तिथंच अडकतात.