इंजिन निर्दोष, तरी विमान शेतात

प्रश्न : छोट्या विमानाच्या अपघात-अहवालात ‘हवेत इंजिनाची शक्ती गेली’ असे म्हणतात आणि पुढे ‘तपासणीत इंजिनात दोष आढळला नाही’ असेही असते. दोन्ही खरे कसे?

उत्तर : पुरावा वितळून गेला असेल तर दोन्ही खरे असते. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान वीस-तीस अंशांनी खाली येऊ शकते. हवा दमट असेल तर बाहेर २५ अंश सेल्सियस असतानाही आत बर्फ धरतो. उतरताना धोका जास्त, कारण थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या, झडपेची फट तेव्हा आधीच बारीक असते.

पंख्याच्या पात्यांचा कोन कायम असलेल्या विमानात आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) सावकाश घसरतात. वैमानिक नकळत थ्रॉटल जरा पुढे सारतो आणि बर्फ लपून राहतो. उपाय म्हणजे कार्ब हीटचा नॉब पूर्ण ओढणे, अर्धा नव्हे. त्यामुळे एक्झॉस्टभोवतीची गरम हवा आत येते. गंमत अशी, की इंजिन आधी आणखी खडखडते; वितळलेले पाणी सिलिंडरांत जात असते. ‘बिघडवलेच’ असे वाटून नॉब परत ढकलला जातो तो इथेच. तेव्हा धीर धरावा लागतो. फार उशीर झाला तर मात्र एक्झॉस्टच थंड पडतो आणि गरम हवाच उरत नाही.

म्हणून तपासनीस त्या वेळचे तापमान, दवबिंदू आणि नॉबची स्थिती पाहतात. सोबत इतर शक्यताही तपासतात : कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचे ते ठरवणारा सिलेक्टर रिकाम्या टाकीवर होता का, पेट्रोलमध्ये पाणी होते का. पाणी जड, ते टाकीच्या तळाशी बसते; नळीतल्या चांगल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होते आणि उड्डाणाच्या वेळी दगा देते. उड्डाणाआधी तळातून नमुना काढताना तो नुसता नितळ आहे म्हणून समाधान मानू नये, पूर्ण पाणीही नितळच दिसते. अशा विमानांचे १००एलएल पेट्रोल निळसर असते. रंग बघावा, वास घ्यावा.

प्रश्न : उड्डाण होताच इंजिन बंद पडले, तर धावपट्टी मागेच असते. वैमानिक वळून का येत नाही?

उत्तर : अर्धे वर्तुळ पुरत नाही म्हणून. ७० नॉट वेगाने ३० अंश कलून वळले तर वर्तुळाचा व्यास सुमारे साडेचारशे मीटर येतो. म्हणजे विमान धावपट्टीच्या बाजूला तेवढे सरकते आणि तिच्या रेषेत यायला आणखी दोन वळणे लागतात. कल ४५ अंश केला तर व्यास घटतो, पण स्टॉलचा वेग (ज्याखाली पंखांना विमान पेलवत नाही) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. कमी उंचीवर नाक वर खेचत घेतलेल्या अशा वळणात स्टॉल झाला की सावरायला जागा नसते. शिवाय उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर झालेले असते, त्यामुळे परतताना वारा पाठीशी असतो.

त्यामुळे पहिले काम नाक खाली करून ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत जाण्याचा, वेग पकडणे. ‘सेस्ना १७२’ हे छोटे विमान हजार फुटांवरून शांत हवेत जेमतेम पावणेतीन किलोमीटर जाते; तीनशे फुटांवर तर समोरच्या जागेत थोडे डावे-उजवे करण्याइतकीच मोकळीक असते. वेळ असेल तर टाकी बदलावी, कार्ब हीट आणि मिक्श्चर (हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा नॉब) पाहावे, ठिणगीसाठी वीज देणारे मॅग्नेटो तपासावे. जमले नाही तर टेकण्यापूर्वी मिक्श्चर आणि पेट्रोल बंद, फ्लॅप (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) विजेवरचे असतील तर ते उतरवून झाल्यावर विजेचा मास्टर स्विच बंद, आणि दाराची कडी सोडलेली. धडकेने चौकट वाकली तर दार आतून उघडत नाही.