घरात एचसीएम निघालाय आणि रिसर्चची लिंक आलीये? तुमचे प्रश्न

एचसीएम म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, बऱ्याचदा जीनमधल्या दोषामुळे घरात पुढे चालत येणारा. घरात एकाला निघाला की हल्ली संशोधनवाले ऑनलाइन फॉर्मची लिंक देतात, नातेवाईकांनाही जोडा म्हणतात. त्यावर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

भावाबहिणींचे फॉर्म मीच भरले तर? माहिती सगळी आहे माझ्याकडे. (सांगली)

नाही. संमती ज्याची त्याने द्यायची. तुम्ही लिंक पाठवा आणि गप्प बसा, रोज ग्रुपवर "भरला का, भरला का" करणं हा पण दबावच. लहान मुलांसाठी आईवडिलांची संमती लागते, आणि मूल सात वर्षांपुढचं असेल तर त्याला समजेल असं सांगून त्याचाही होकार.

जीन तपासायला लाळेचा नमुना द्यायचाय, त्याआधी चहा चालतो का?

अर्धा तास आधी काहीच नाही. तंबाखूही नाही.

मला एचसीएम आहे. घरच्यांनी फॉर्म भरले, नमुनेही गेले. धाकटा भाऊ कबड्डी खेळतो, त्रास काही नाही. रिसर्चचा जीन रिपोर्ट आला की त्याचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचं ठरलंय. (नाशिक)

कुणी ठरवलं हे? फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली असं नसतं हो. रिसर्चचा रिझल्ट कधी येईल याचा नेम नाही, काही अभ्यासांत तो तुम्हाला कळवतच नाहीत, आणि कळवला तरी त्यावर काही ठरवण्याआधी क्लिनिकल लॅबमधून पक्का करून घ्यावा लागतो, आणि तोवर हा मैदानात चढाया करणार! जीनमधला दोष आई किंवा वडिलांकडून आला असेल तर प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता 50 टक्के, तुमच्या मुलांनाही तेवढीच. "त्रास नाही" यावर जाऊ नका, काहींना पहिला त्रास म्हणजे खेळताना कोसळणंच असतं. ईसीजी आणि इको याच आठवड्यात करा, कार्डिओलॉजिस्ट हो म्हणेपर्यंत कबड्डी बंद. आणि नॉर्मल आला म्हणून फाईल कपाटात टाकू नका, हा आजार उशिरा पण दिसायला लागतो. साधारणपणे मुलांची दर 1-2 वर्षांनी, मोठ्यांची 3-5 वर्षांनी परत तपासणी, तुमच्या घरासाठी नक्की किती ते डॉक्टर सांगतील.

ऑनलाइन 'हार्ट जीन' किटची ऑफर आहे, चार घेतले की एक फ्री. रिपोर्ट पण लगेच.

साड्यांचा सेल आहे का? घरातल्या पेशंटच्या जीनमध्ये जो बदल सापडला तोच बाकीच्यांत शोधायचा असतो, किट तो बघतं का हे आधी विचारा. एमवायबीपीसी3 या हृदयाच्या स्नायूशी संबंधित जीनमधली डीएनएच्या 25 अक्षरांची गळती तर साधारण 4 टक्के भारतीयांत असते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आजार होत नाही, तीच रिपोर्टात लाल रंगात छापून आली की अख्खं घर झोपत नाही. पैसे भरण्याआधी जेनेटिक काउन्सेलरला (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला) भेटा.

मेहुणे म्हणतात, रिसर्चमध्ये नाव आलं की विमा गेला.

मेहुण्यांना कुणी सांगितलं? 2018 साली दिल्ली हायकोर्टात गेलेलं प्रकरण एचसीएमच्याच पेशंटचं होतं, आणि आनुवंशिक आजार म्हणून सरसकट क्लेम नाकारणं कोर्टाने भेदभाव ठरवलं. तरी पॉलिसी घेताना जे विचारतील ते लपवू नका, आणि एजंटच्या तोंडी शब्दावर न जाता पॉलिसीचे कागद वकिलाला दाखवा. माहिती कुणाकुणाला दिसणार ते संमतीपत्रात लिहिलेलं असतं. नसेल तर सही करू नका.