नऊ वर्षांच्या मुलाला फुटबॉल क्लबमध्ये घालायचं आहे. क्लब निवडताना काय पाहावं? उशीर तर झाला नाही ना?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ९ वर्षांचा आहे, एकटाच भिंतीवर चेंडू मारत तासन्‌तास खेळतो, पण संघात कधी खेळलेला नाही आणि चारचौघांत बुजतो. जवळ दोन क्लब आहेत. एकाकडे करंडकांनी भरलेलं कपाट आहे, दुसऱ्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. बाकीची मुलं पाचव्या वर्षापासून खेळतायत, म्हणून तुम्हाला घोर लागलाय.

मी गेली सात वर्षं एका वस्तीच्या क्लबमध्ये ८ ते ११ वयाच्या मुलांचा सराव घेतो, विनामोबदला. त्याआधी दोन वर्षं निव्वळ बाप म्हणून मैदानाच्या कडेला उभा होतो. त्या दोन वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती माझ्या मुलीला भोगावी लागली. ती पुढे सांगतो.

आधी उशिराचं. उशीर झालेला नाही. अकरा विरुद्ध अकरा हा मोठ्यांचा खेळ बहुतेक ठिकाणी मुलांच्या वाट्याला बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपास येतो. तुमच्या मुलाच्या वयाला साधारण सात-सात जणांचे संघ असतात, मैदान आणि गोलही लहान. मोठ्या मैदानावर बावीस मुलं आणि एक चेंडू असला की बुजरं मूल अख्खा सामना चेंडूला न शिवता घरी येतं. संघ लहान केला की चेंडू आपोआप प्रत्येकाकडे येतो. जर्मनीने तर २०२४ च्या हंगामापासून सर्वांत लहान वयोगटांसाठी दोन-दोन, तीन-तीन जणांचे संघ आणि चार छोटे गोल अशी पद्धतच लागू केली. शिवाय भिंतीवर चेंडू मारत बसणारं मूल अगदी कोरं नसतं. परत येणारा चेंडू थोपवायचा आणि पुन्हा मारायचा, हे त्याच्या पायाला ठाऊक असतं. संघात वर्षभर खेळलेल्या कित्येक मुलांना मला तेच पहिल्यापासून शिकवावं लागतं.

आता क्लब कसा निवडायचा. मुलाला न घेता, कुणाला न सांगता, दोन्ही क्लबांचा एकेक सराव पाहून या. तिथे सगळ्यांत चांगलं खेळणाऱ्या मुलाकडे बघू नका. तो सगळीकडे आनंदात असतो. सगळ्यांत कच्चं मूल शोधा, पाच मिनिटांत सापडतं. मग पुढची दहा मिनिटं फक्त त्याच्यावर नजर ठेवा आणि त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागला ते मोजा. मी हे बोटांवर मोजतो. चांगल्या सरावात दहा मिनिटांत तुमची बोटं कितीतरी वेळा मोजून संपतील. वाईट सरावात एक हात पुरतो.

हे मोजायला लागलात की बाकीचंही दिसायला लागतं. बारा मुलं एका रांगेत उभी, पुढचा एक गोलवर चेंडू मारतो आणि परत मागे जाऊन उभा राहतो, असं चाललं असेल तर एका तासात प्रत्येकाचा खरा खेळ पाच मिनिटांचा. प्रत्येकाच्या पायाशी स्वतःचा चेंडू आहे का पाहा. ‘आउट झाला तो बाहेर’ असे खेळ चालले असतील तर बाहेर कोण उभं आहे तेही पाहा. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच पहिल्या अर्ध्या मिनिटात बाद होऊन कडेला गवत उपटत बसतो. मी स्वतः हे खेळ दोन वर्षं घेत होतो. मग एकदा कडेला बसलेल्यांचे चेहरे लक्षात आले आणि बंद केले. आता बाद झालेल्याने चेंडूला दहा टप्पे मारायचे आणि लगेच आत यायचं.

कोच त्या कच्च्या मुलाला नावाने हाक मारतो का, हेही ऐका. चूक झाल्यावर आवाज चढतो का? शिक्षा म्हणून मैदानाला चकरा मारायला लावतो का? धावणं ही ज्या मैदानावर शिक्षा ठरते, तिथल्या मुलांना धावायची गोडी कुठून लागणार!

आता माझी चूक. मुलगी ८ वर्षांची असताना मी तिला जिंकणाऱ्या क्लबमध्ये घातलं. करंडक पाहिले, कोचचा रुबाब पाहिला, सराव पाहिला नाही. त्या हंगामात ती जवळजवळ प्रत्येक सामन्यात बाकावर होती. निकाल पक्का झाला की शेवटची पाच मिनिटं आत. तक्रार तिने कधीच केली नाही. फक्त सामन्याच्या दिवशी सकाळी खिडकीशी उभी राहून विचारायची, ‘बाबा, आज पाऊस पडेल का?’ मला वाटायचं, सामना रद्द होईल म्हणून तिला काळजी वाटतेय. तो रद्द व्हावा म्हणून ती विचारत होती, हे कळायला मला पूर्ण हंगाम लागला.

म्हणून नाव नोंदवण्याआधी क्लबला एक प्रश्न सरळ विचारा: ‘गेल्या हंगामात सर्वांत कमी खेळवलेल्या मुलाला एका सामन्यात साधारण किती वेळ मिळाला?’ ‘आम्ही सगळ्यांना संधी देतो’ हे उत्तर धरू नका, ते सगळेच देतात. ‘प्रत्येकाला किमान निम्मा सामना’ असं काहीतरी ठरलेलं आहे का, लिहून ठेवलेलं आहे का, ते विचारा. लहान वयोगटात बाहेर काढलेला खेळाडू बहुतेक ठिकाणी त्याच सामन्यात पुन्हा आत येऊ शकतो, त्यामुळे सगळ्यांना खेळवणं नियमांमुळे जमत नाही हे कारण चालत नाही.

करंडकांबद्दल आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. वयोगट एका ठरावीक तारखेवरून ठरतो. समजा ती १ जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच गटात येतं. नऊ वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे फार मोठा काळ. जानेवारीचं मूल उंच, दमदार, म्हणून ‘हुशार’ दिसतं. त्याची निवड होते, त्याला जास्त सराव मिळतो आणि मग तो खरोखरच पुढे जातो. निवडलेल्या संघांत त्या तारखेनंतर लगेच जन्मलेल्या मुलांचा भरणा जास्त असतो, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. या वयाचा करंडक बरेचदा उंचीचा असतो. तुमच्याकडे मोजणीची तारीख कोणती आणि तुमचा मुलगा गटात थोरला पडतो की धाकटा, हे आधी विचारून घ्या. धाकटा पडत असेल तर पहिल्या वर्षी तुलना करूच नका. नॉर्वेमध्ये मुलांच्या खेळासाठी वेगळी नियमावली १९८७ पासून आहे. तिथे अकराव्या वर्षाआधी मुलांचे निकाल आणि क्रमवारी लावत नाहीत.

सुरक्षिततेचे प्रश्न विचारताना संकोच करू नका. चांगला क्लब त्यांनी दुखावत नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या मोठ्यांची पूर्वतपासणी होते का? एखादा मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत किंवा गाडीत असणार नाही, असा नियम आहे का? कोच निरोप पालकांना पाठवतो की थेट मुलांना? प्रथमोपचार येणारं कुणी प्रत्येक सरावाला असतं का? आणि मैदानावर गेलात की हलवता येणारे गोल जमिनीला किंवा वजनाला नीट बांधलेले आहेत का, ते स्वतः हात लावून पाहा. मुलं त्या आडव्या खांबाला लोंबकळतात, आणि न बांधलेला गोल अंगावर पडून मुलांचे जीव गेलेले आहेत. आमच्याकडे सराव सुरू होण्याआधी मी पहिलं काम हेच करतो.

डोक्याच्या दुखापतीबाबतही विचारा. डोक्याला मार बसून मूल गोंधळलं, गरगरतंय म्हणालं किंवा नुसता संशय आला, तरी त्या दिवशी ते पुन्हा मैदानात उतरता कामा नये आणि डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ‘बरं वाटतंय का? मग जा आत’ असं म्हणणाऱ्या कोचकडे मूल ठेवू नका. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर (डोक्याने चेंडू मारणं) बंद केला. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांकडून सरावात हेडर करून घेऊ नयेत अशी सूचना आहे. तुमच्या मुलाला या वयात हेडर शिकायची काही गरज नाही.

सामानाचं थोडक्यात. शिनगार्ड (नडगीला मार लागू नये म्हणून लावायच्या पट्ट्या) हवेतच, तेही मोज्याच्या आत पूर्ण झाकलेले. अंगावर कसलाही दागिना चालत नाही, वर पट्टी चिकटवूनही नाही. या वयाला ४ नंबरचा चेंडू (आठच्या आतल्यांना ३ आणि साधारण तेरापासून ५). बूट वाढत्या मापाचे घेऊ नका, सैल बुटात पाय सरकतो आणि चेंडू नीट मारता येत नाही. पहिले काही सराव साध्या खेळाच्या बुटांवर निघतील का, ते विचारा आणि मुलाचं मन बसल्यावरच स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) घ्या. वर्गणीत गणवेश, स्पर्धा आणि प्रवास धरला आहे का, मध्येच सोडल्यास काय परत मिळतं, हेही आधीच विचारून ठेवा.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यांत जवळचं वाटलं ते त्याचं बुजणं. माझ्याकडे एक मुलगा आला होता, तो पहिला अख्खा सराव कुंपणाशी आईला चिकटून बसला. मी त्याला आत ये म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी खुणेचे कोन मांडायला मदत मागितली. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच कोन मांडत आत आला आणि कोन मांडून झाल्यावर बाहेर जायचं विसरला. तुम्ही एक करा: पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं लवकर जा. मैदान रिकामं असताना आत शिरणं सोपं असतं. वीस मुलं आधीच खेळत असताना त्यांच्यात घुसणं मोठ्यांनाही जड जातं. कोचला आधी फोन करून सांगा, ‘हा बुजरा आहे, त्याला काहीतरी काम द्या.’ आणि घरी थोडे नियम समजावून ठेवा: थ्रो-इन (कडेच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत टाकणं) करताना दोन्ही पाय जमिनीवर आणि चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून आणायचा, गोलकिक (आपल्या गोलपाशी चेंडू ठेवून मारायची किक) कधी मिळते, सामना सुरू होताना आपण आपल्याच अर्ध्यात उभं राहायचं. बुजऱ्या मुलांना हसं होण्याची धास्ती असते, आणि ती बरीचशी नियम माहीत नसल्यामुळे येते.

कडेला उभे राहाल तेव्हा टाळ्या वाजवा, पण ‘पास दे’, ‘मागे जा’ असं ओरडू नका. कोच एक सांगतो, बाप दुसरं, आणि मूल चेंडू सोडून तुमच्याकडे बघत राहतं. मुलीच्या वेळी मी हेच करत होतो. परतताना सामन्याची उजळणीही काढू नका. त्याला बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल.

काही महिन्यांनी खेळून आल्यावर टाच दुखते म्हणाला, तर ते टाळाटाळीचं निमित्त समजू नका. साधारण ८ ते १४ या वयात टाचेचं हाड वाढत असतं आणि धावण्या-उड्यांनी तिथे खरंच दुखतं. विश्रांती द्या, दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलांना खेळातून आठवड्याला किमान एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्यायला सांगते. आठवड्याचे सहा दिवस मागणारा क्लब नऊ वर्षांच्या मुलासाठी नको.

दोनपैकी कोणता, असं विचाराल तर न पाहता सांगता येणार नाही. करंडकवाल्या क्लबातलं सगळ्यांत कच्चं मूल चेंडूपाशी हसत असेल, तर खुशाल तिथे घाला. नसेल, तर दुसरीकडे जा. दोन्ही ठिकाणी एकेक सराव करून बघू द्या म्हणा, बरेच क्लब देतात. निवड मुलालाच करू द्या. दोन्हीकडे काय दिसलं आणि गटाची तारीख कोणती निघाली ते कळवलंत, तर पुढचं त्यावरून सांगतो.