करवतीचा सूर थांबवायला शीक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे ध्वनिमुद्रण मिळाले. वाद्य म्हणून करवत हाती घेऊन अवघे चार महिने झाले असताना तुझा सूर घुमू लागला आहे, हे ऐकून फार आनंद झाला. यंदा न्यूयॉर्कच्या करवतवादन महोत्सवात इतर वादकांच्या रांगेत बसावे, की आणखी वर्षभर एकटीने रियाज करावा, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की तू जरूर बसावेस. मात्र त्याआधी सूर थांबवायला शिकावेस.

आतापर्यंत तुझी सारी धडपड सूर निघावा यासाठीच चालली होती, तेव्हा ही अट तुला विचित्र वाटेल. करवतीची मूठ मांड्यांत घट्ट धरून, टोक डाव्या हाताने वाकवून आणि त्याच हाताच्या अंगठ्याने उलटा बाक देऊन पात्याला इंग्रजी ‘एस’ अक्षराचे वळण दिले, की दोन बाकांच्या मध्ये एक जागा जवळजवळ सपाट राहते. बिनदात्यांच्या कडेवर नेमक्या त्या जागी व्हायोलिनसारखा गज ओढला तर करवत गाते. गज थोडा खाली-वर सरकला तर नुसती खरखर उरते. हे का घडते, याचा उलगडा करणारा एक अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केला. कंपन त्या सपाट जागेपाशी कोंडले जाते आणि दोन्ही बाजूंचे बाक त्याला मुठीपर्यंत किंवा टोकापर्यंत झिरपू देत नाहीत, म्हणून गज उचलल्यावरही सूर कितीतरी वेळ तरंगत राहतो. तेच पाते एकेरी बाकात धरलेस, तर ते चटकन मुके होते.

एकटीने वाजवताना हा रेंगाळणारा सूर म्हणजे या वाद्याचे ऐश्वर्य असते. वीस जण एकत्र बसले, की प्रत्येकाचा मागचा स्वर पुढच्या स्वरावर सांडू लागतो. करवतीच्या स्वरात उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, फार थोडे असल्यामुळे दोघांमधले किंचितसे अंतरही लपत नाही: एकाचा स्वर ४४० हर्ट्झचा आणि दुसऱ्याचा ४४३ हर्ट्झचा असेल, तर आवाजाचे लहान-मोठे होणारे हेलकावे सेकंदाला तीन, असे स्पष्ट ऐकू येतात. तानपुरा जुळवताना हे हेलकावे तू ऐकले आहेसच. त्यात प्रत्येक जण आपापल्या गतीने पाय हलवून सुराला कंप देऊ लागला, तर मूळ स्वर कोणता हेच कळेनासे होते. म्हणून मेळ्यात बसशील तेव्हा पाय शक्यतो स्थिर ठेव.

माझ्या पहिल्या मेळ्यात मी हीच चूक केली होती. घरी जे गोड वाटायचे तेच मी तिथे लांबवत राहिलो, आणि शेजारच्या वृद्ध वादकाने काही न बोलता माझ्या पात्यावर अलगद हात ठेवला. त्या शांततेत मला इतरांचे सूर पहिल्यांदा ऐकू आले. त्या स्पर्शाबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

तेव्हा रोज अर्धा तास एवढेच कर. षड्ज वाजव, उजव्या हाताचे बोट पात्याला टेकवून तो मिटव, मग पाते वाकवून ऋषभाची जागा मनात आण, आणि त्यानंतरच गज ओढ. तुझ्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक स्वर पुढच्या स्वरात घसरत गेला आहे, कारण पाते घुमत असतानाच तू बाक बदलतेस. आपल्या संगीतात वाढलेल्या कानाला ते मींडेसारखे वाटते आणि म्हणून खटकत नाही. परंतु मींड घ्यायची असते, आपोआप होऊ द्यायची नसते. या वाद्यावर पडदे नाहीत आणि खुणाही नाहीत, त्यामुळे स्वराची जागा गळ्याप्रमाणे आधी कानातच ठरवावी लागते.

महोत्सवाविषयी थोडेसे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधील अस्टोरिया भागात तो नतालिया परूझ यांनी २००३ साली सुरू केला. त्या मूळच्या नर्तकी. वाहनाच्या धडकेने नृत्य सुटले, आणि पुढे ऑस्ट्रियात एका कार्यक्रमात करवतवादन पाहून त्या या वाद्याकडे वळल्या. १८ जुलै २००९ रोजी अस्टोरियात ५३ वादकांनी एकत्र वाजवले आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, ही चुटपुट अजून आहे.

महोत्सवाआधी नवी करवत विकत घेऊ नकोस. विस्कॉन्सिनच्या मसेल अँड वेस्टफाल पेढीपासून स्वीडनच्या सँडविकपर्यंत निरनिराळी पाती तिथे पाहायला मिळतील आणि विनंती केलीस तर हाताळूही दिली जातील. लांब, पातळ पाते खालच्या स्वरांत मोकळे होते, पण तुझ्या हाताच्या लांबीला ते झेपते का, हे बसून पाहिल्याशिवाय कळणार नाही. अंगठा दुखतो असे तू लिहिलेस. टोकाला बसवायची लहानशी मूठ वापर. काही जुने वादक तिला कमीपणा मानतात. मला ते पटत नाही, कारण दुखावलेल्या अंगठ्याने रियाजच बंद पडतो. महोत्सवाला येण्याआधी पात्याची कड तेलाचा अंशही न राहील अशी पूस, गजाला राळ नीट लाव, आणि गज स्वस्तातलाच आण, कारण पोलाद त्याचे केस लवकर झिजवते.

पुढचे ध्वनिमुद्रण तानपुरा सुरू ठेवून कर आणि महोत्सवाच्या पंधरा दिवस आधी मला पाठव. त्यात फक्त आरोह-अवरोह असला तरी चालेल, मात्र प्रत्येक दोन स्वरांमध्ये मला तानपुरा एकटा ऐकू आला पाहिजे.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
काका