उलट न बोलणारा मुलगा आणि कॉकपिट

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. पायलटच व्हायचं म्हणतो. मार्क चांगले आहेत, पण चष्मा आहे. स्वभावाने अतिशय शांत, मोठ्या माणसांना आजवर कधी उलट बोललेला नाही. घर तारण ठेवून कर्ज काढायची मिस्टरांची तयारी आहे. अपघाताच्या बातम्या वाचल्या की मला मात्र धडकी भरते. काय करावं?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, चष्म्याचं आधी उरकतो. चष्मा लावून नजर ६/६ होत असेल तर अडत नाही. रंग ओळखण्यात गफलत असेल तर मात्र गाडी तिथेच थांबते. म्हणून घराचे कागद बँकेत नेण्याआधी मुलाची मेडिकल करून घ्या, आधी क्लास टू (प्राथमिक), मग क्लास वन (व्यावसायिक पायलटसाठीची). माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी उत्साहाच्या भरात फ्लाइंग स्कूलची फी आधी भरली, मेडिकल नंतर. मुलगा नापास झाला आणि ते अजून परताव्यासाठी खेटे घालताहेत.

कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, शिवाय डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, लेखी परीक्षा. आपल्याकडे गोंदियालाही प्रशिक्षणाची सोय आहे. एकूण खर्च पन्नास लाखांच्या आसपास धरा. मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान चालवण्याची परवानगी, त्याहून वेगळं. लायसन्स हातात पडलं म्हणजे लगेच नोकरी लागते असं नाही, वर्ष-दोन वर्षं घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. बँकेचा हप्ता तेव्हाही चालूच असतो.

पण तुमच्या पत्रात मी अडखळलो ते ‘कधी उलट बोललेला नाही’ या वाक्याशी. तुम्ही ते कौतुकाने लिहिलंत, मला त्याचीच काळजी वाटली.

२२ मे २०१०, मंगळूर. दुबईहून आलेलं विमान, सकाळी सहाची वेळ, हवा स्वच्छ, विमानात बिघाड नाही. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपले होते, कॉकपिटमधले आवाज टिपणाऱ्या व्हॉइस रेकॉर्डरवर घोरणं ऐकू येतं. उतरताना विमान फार उंचावर राहिलं, मग ते घाईघाईने खाली आणलं गेलं. कोपायलटने तीनदा गो-अराउंड सुचवला, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टननी ऐकलं नाही. ८,००० फुटांच्या रनवेवर चाकं टेकली ती ५,२०० फूट संपल्यावर. १६६ पैकी १५८ माणसं गेली, त्यात तो कोपायलटही. तो बोलला होता, हे लक्षात घ्या. पण कंट्रोल्स त्याने हातात घेतले नाहीत. दहा वर्षांनी केरळात कोळिकोडला, रात्री, पावसात, पुन्हा तेच : कोपायलटचा गो-अराउंडचा पुकारा, तरीही लँडिंग, आणि अपघात.

त्या कोपायलटच्या जागी मी काय केलं असतं? खरं सांगतो. नव्वदच्या दशकात मी नवा कोपायलट होतो. पावसाळी रात्र, शेजारी वडिलांच्या वयाचे कॅप्टन. अप्रोचला, म्हणजे उतरायला धावपट्टीकडे येताना, स्पीड वीस नॉट्सने जास्त. आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी म्हणालो काय, तर ‘सर, स्पीड जरा जास्त वाटतोय का?’ वाटतोय का! सर काहीच बोलले नाहीत, मीही पुन्हा बोललो नाही. विमान थांबलं तेव्हा रनवेच्या टोकाचे लाल दिवे नाकाखाली आले होते. चेकलिस्टचं कार्ड घामाने माझ्या तळहाताला चिकटलं होतं, ते सोलून काढावं लागलं. सर म्हणाले, ‘चहा घेऊ या.’ विषय संपला.

आपण मोठ्यांशी बोलताना वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडतो आणि बोलल्याचं समाधान मानतो. आपणच असं नव्हे म्हणा. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, धावपट्टीवर धुक्यात दोन जम्बो आदळली, ५८३ माणसं मेली. डच विमानाने धाव घेतली होती, तेव्हा फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, समोरचं विमान अजून बाजूला झालं नाही का? प्रश्नच. कॅप्टन म्हणाले, झालंय. त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

कॉकपिटमध्ये एकमेकांशी कसं बोलायचं हे शिकवणं त्यानंतरच्या काळात सुरू झालं. आता सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, आम्ही शिकवणारे मुद्दाम चुका करतो. शिकणाऱ्या मुलाने ‘वाटतं’ न म्हणता आकडा सांगायचा. ऐकलं नाही तर ‘गो-अराउंड’. तरीही नाही, तर ‘आय हॅव कंट्रोल्स’ म्हणून विमान स्वतःच्या हातात घ्यायचं, शेजारी कोणीही बसलेलं असो. हुशार मुलंही इथे गडबडतात. सर रागावतील, ही धास्ती खाली जमिनीवर सोडून येणं त्यांना जड जातं. शिकता येतं, मीही शिकलो, पण उशिरा.

तुमच्या धडकीचं म्हणाल तर ती राहणारच. माझ्या आईची मी निवृत्त होईपर्यंत होती.

आता एक करून बघा. मिस्टर गाडी चालवतात का? पुढच्या वेळी कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाताना मुलाला पुढे बसवा. वळणावर त्यांनी ओव्हरटेकला गाडी बाहेर काढली, तर मुलाने स्पष्ट सांगायचं : बाबा, समोर ट्रक, मागे घ्या. मिस्टर चिडले तर चिडू देत. आणि मुलगा ‘बाबा, जरा…’ म्हणून अर्ध्यावर थांबला, तर मला परत लिहा.