ज्या शिक्षकांनी घडवलं, त्यांना इतक्या वर्षांनी भेटायला जावं का? ते ओळखतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेतल्या एका सरांमुळे आयुष्य मार्गी लागलं, मध्ये वीस-बावीस वर्षं गेली, आता आभार मानायला जावंसं वाटतं, पण ते ओळखतील का, आणि समोर बसून बोलायचं तरी काय?

ओळखणार नाहीत असंच धरून चाला. मला नाही ओळखलं. तरी जा.

माझं सांगतो, जरा लांबेल. वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी सांगितलंच नाही. वडिलांची गिरणी पुढे कशीबशी सुरू झाली, पण आत घेतलेल्यांत ते नव्हते. आई खानावळीचे डबे करू लागली. मी आठवीपर्यंत दिवसाच्या शाळेत तग धरला. तिथे फी थकली की वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं करणारे एक मास्तर होते. त्यांच्याबद्दलही मनात बरंच आहे, पण ते कृतज्ञता या सदरात बसत नाही.

मग गिरगावात एका छापखान्यात चिकटलो. कागद मोजायचे, ट्रेडल मशीनची शाई पुसायची, चहा आणायचा. आणि संध्याकाळी साडेसहाला परळची रात्रशाळा.

रात्रशाळा ज्यांनी पाहिली नाही त्यांना तो वर्ग डोळ्यांसमोर आणणं कठीण जाईल. दिवसा त्या खोलीत तिसरी-चौथीची पोरं बसत, त्यामुळे बाक त्यांच्याच मापाचे. आमच्यात तीस-पस्तिशीचे बाप्ये होते. गिरणीतले बदली कामगार, हॉटेलात ताटं उचलणारे, इस्पितळातला एक वॉर्डबॉय, मावळातून आलेले एक डबेवाले मामा. बाकाखाली गुडघे मावायचे नाहीत म्हणून सगळे तिरके बसायचे, वर्ग सगळा जणू खिडकीकडे तोंड करून. भिंतीवर दोन ते दहाचे पाढे, कागदी मोर आणि 'मी रोज दात घासतो'. नऊ वाजता निम्म्यांचे डोळे मिटायला लागत. सर तेवढ्या वेळात भूमिती कधीच घेत नसत, गोष्टीतली गणितं घेत.

हे सर दिवसा दुसऱ्या एका शाळेत पूर्णवेळ नोकरीला होते आणि रात्री आमच्याकडे. सरकारी भाषेत 'दुबार शिक्षक'. २०१७ साली शासनाने निर्णय काढून अशा शिक्षकांना रात्रशाळांतून कमी केलं. दिवसभर शिकवून दमलेला माणूस रात्री काय शिकवणार, असा एक युक्तिवाद होता. तो अगदीच चुकीचा म्हणवत नाही, कारण सरांचा आवाज आठपर्यंत बसलेला असायचा. पण तो निर्णय माझ्या वेळी असता तर ते मला भेटलेच नसते.

आता मुद्द्याचं. नववीत एकदा हॉटेलवाल्या पोराने विचारलं, "सर, उणे दोन गुणिले उणे तीन, हे अधिक सहा आले कुठून?" दिवसाच्या शाळेत याचं उत्तर मला मिळालं होतं: नियम आहे, पाठ कर. सर खडू हातात धरून थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नियम मला पाठ आहे. का, ते तुला पटेल असं सांगता येत नाही. उद्या सांगतो."

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक चौकोन आखला. वर लिहिलं 'उधारी'. खाली तारीख आणि प्रश्न.

मास्तरला येत नाही आणि तो ते फळ्यावर तारखेसकट लिहून ठेवतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं, आता वर्ग डोक्यावर बसणार. झालं उलटंच, दुसऱ्या दिवशी कधी नव्हे ती शंभर टक्के हजेरी. सर आले आणि त्या पोराला म्हणाले, "वाण्याकडे तुझी वही आहे. दोन रुपयांची उधारी म्हणजे उणे दोन. तीनदा केलीस तर?"

"सहा देणं."

"म्हणजे उणे सहा. आता वाण्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने दोन-दोनच्या तीन नोंदी खोडल्या. तुझ्या हातात पैसे दिले का त्याने?"

"नाही."

"मग तुला काहीच मिळालं नाही?"

पोरगं दोन क्षण गप्प. मग म्हणालं, "सहा मिळाले की."

"खोडल्या म्हणून उणे तीन. उधारीच्या होत्या म्हणून उणे दोन. बघ."

मागून एक बदली कामगार म्हणाला, "असला वाणी कुठं बसतो सर, पत्ता द्या." वर्ग खो खो हसला. संपाच्या दिवसांपासून वाण्याची वही प्रत्येकाच्या घरी होती, त्यामुळे ते गणित कुणाला पुन्हा विचारावं लागलं नाही. मलाही नाही, आज पन्नाशी उलटली तरी. सरांनी डस्टर घेऊन चौकोन पुसला आणि पुढचं प्रमेय सुरू केलं.

पुढे तो चौकोन कायमचाच झाला. दिवसाच्या शाळेच्या बाई तो सकाळी पुसून टाकत, सर रात्री येऊन पुन्हा आखत. काही उधाऱ्या आठ-आठ दिवस राहायच्या. माझी एक चार दिवस होती. २२ भागिले ७ केलं तर १४२८५७ हेच आकडे फिरून फिरून येतात, आणि पुस्तक म्हणतं की पायचे आकडे कधी संपत नाहीत आणि असे फिरून येतही नाहीत. मग खरं कुणाचं? चौथ्या दिवशी सर आले आणि म्हणाले, "२२/७ ही कामचलाऊ किंमत. ३५५ ला ११३ ने भाग, जास्त जवळ जाशील. पूर्ण कधीच पोचणार नाहीस." भागाकार मी छापखान्यात रद्दी कागदावर केला. दशांशचिन्हापुढचे सहा आकडे जुळले. त्या रात्री चालत घरी गेलो, बस सोडून दिली.

शिक्षक दिनाला, ५ सप्टेंबरला, रात्रशाळेतही स्वयंशासन व्हायचं. डबेवाले मामांनी तास घ्यायचा ठरवला आणि फळ्यावर डब्याच्या झाकणावरची खूण काढली. कुठला आकडा उतरायच्या स्टेशनाचा, कुठलं अक्षर इमारतीचं, कुठला आकडा मजल्याचा, रंग कशासाठी. सर शेवटच्या बाकावर तिरके बसून वहीत उतरवून घेत होते. मध्येच हात वर करून त्यांनी विचारलं, "एका इमारतीचं नाव बदललं तर?" मामा अडखळले. मग खडू घेऊन उजव्या कोपऱ्यात गेले आणि चौकोनात तारीख घातली.

न्यायाने बघायचं तर मला घडवणारे ते एकटे नव्हते. छापखान्यात एक म्हातारे जुळारी होते, शिशाच्या सुट्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर लावणारे. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, उलटं वाचायला त्यांनी शिकवलं. प्रूफ, म्हणजे तपासायची कच्ची छपाई, हातात दिलं की म्हणायचे, "वाचू नको रे, बघ. वाचलंस की डोळा चूक आपोआप दुरुस्त करतो." शेवटच्या शब्दापासून मागे यायला लावायचे. ते स्वतः सातवी होते. त्यांना गुरू म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि 'गुरु' असं ऱ्हस्व लिहिलेलं तर मुळीच नाही. सुटा शब्द असेल तर 'गुरू', समासात 'गुरुदक्षिणा', 'गुरुपौर्णिमा'. हा नियम त्यांनी मला चहाच्या ग्लासाने टेबलावर ठोकून पाठ करवला.

शिशाचे खिळे गेले, संगणक आले, जुळारी घरी बसले. मी उरलो, कारण चुका उरल्या. गेली तीसेक वर्षं मुद्रितशोधन करतोय. आणि या धंद्यात माझी जी काही पत आहे ती एका सवयीची आहे. प्रत्येक प्रूफाच्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने चौकोन आखतो. जे मला माहीत नाही ते तिथे जातं, तारखेसकट. लेखकाला फोन करून "हे मला कळलं नाही, उद्या सांगतो" म्हणायला मला कधी लाज वाटली नाही. माझ्याहून हुशार माणसं या लाजेपायी फसलेली मी पाहिली आहेत.

बरं, एवढं सगळं असून मी सरांना भेटायला कधी गेलो? दहावी झालो १९९० ला. गेलो २०१९ ला. मधल्या २९ वर्षांत त्यांची आठवण रोज, पाय मात्र एकदाही वळले नाहीत.

सचिन तेंडुलकर आणि मी एकाच सालचे, १९७३ चे. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्याने आणि कांबळीने आझाद मैदानावर ६६४ धावांची भागी रचली, त्या सुमारास मी गिरगावात लग्नपत्रिकांना शाई लावत होतो. साम्य सालापुरतंच. पण नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर त्याचं निरोपाचं भाषण ऐकताना एक वाक्य लागलं. आचरेकर सर इतक्या वर्षांत मला कधी 'छान खेळलास' म्हणाले नाहीत, असं तो म्हणाला. आमच्या सरांनीही कुणाला शाबासकी दिल्याचं आठवत नाही. उधारी फिटली की डस्टर, बस्स. २ जानेवारी २०१९ ला आचरेकर सर गेले. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तिरडीला खांदा देणारा सचिन पाहिला आणि मला एकदम भीती वाटली. आपले सर आहेत तरी का?

रात्रशाळेच्या जुन्या शिपायाकडून पत्ता मिळाला. डोंबिवली पूर्व. संक्रांत झाल्यावरच्या रविवारी निघालो.

दार त्यांनीच उघडलं. नाव सांगितलं, साल सांगितलं, परळ सांगितलं. ते म्हणाले, "हां हां, तू तो सोन्याला पॉलिश करणारा!" मी नाही म्हणालो. "मग पोस्टात लागलेला?" तोही नाही. तिसऱ्या वेळी मी गप्प राहिलो. हजारो पोरं आली-गेली. त्यांनी माझा चेहरा सांभाळून ठेवावा ही अपेक्षाच जरा जास्त होती, हे मला त्यांच्या सोफ्यावर बसल्यावर कळलं. काकूंनी तिळाचे लाडू आणले. सरांनी घेतले नाहीत, साखर आहे. (म्हणून सांगतो, पेढ्यांचा बॉक्स नेऊ नका. मी नेला होता.)

मी पाठ करून आणलेलं भाषण विसरलो आणि उधारीचा चौकोन सांगितला. वाण्याची वही सांगितली. ते हसले, मग म्हणाले, "ते माझं नव्हे रे. दिवसाच्या शाळेत एक बाई होत्या गणिताला, त्यांना मधल्या सुट्टीत विचारून आलो होतो. त्यांनी मला बटाट्याचा भाव घेऊन समजावलं. मी वाणी केला." त्या बाई कुठे असतात विचारलं, तर त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझ्या तीस वर्षांच्या कृतज्ञतेतला काही हिस्सा भलत्याच पत्त्यावर जात होता तर.

मग ते ज्यांच्याबद्दल बोलले ती सगळी मध्येच शाळा सोडून गेलेली पोरं होती. त्यांचे चेहरे, बाक, कुठल्या हॉटेलात होती, सगळं त्यांच्या ध्यानात. पास झालेल्यांतलं फारसं कुणी आठवत नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, "तू करतोस काय?" मुद्रितशोधन म्हटल्यावर टीपॉयवरचा एक कागद पुढे केला. सोसायटीची सूचना होती, पाण्याची टाकी साफ करणार त्याची. "सेक्रेटरीने लिहिलंय, बघ जरा." मी खिशातलं पेन काढलं. 'पाणि' चं 'पाणी' केलं, 'सहकार्य करावि' चं 'सहकार्य करावे', दोन अनुस्वार, एक पूर्णविराम. शेवटच्या शब्दापासून मागे येत एकदा तपासलं आणि कागद परत दिला.

सरांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला. खाली लिहिलं होतं: सकाळी १० ते दुपारी २, एकूण ५ तास पाणी बंद राहील.

"दहा ते दोन किती तास रे?"

मी कागद परत मागितला.

तर जा तुम्ही. आधी फोन करा, दुपारी झोपायची वेळ टाळा. आणि रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून निघा. येताना मी ठाण्याला पाऊण तास उभा होतो.